दादांच्या पुढचा पेला

"तो पेला उचला तिथून! त्यांच्यापुढे ठेवू नका. त्यांना चालत नाही ते."

धाकटी वेटरला म्हणाली. तिचा आवाज मुळातच खणखणीत, त्यामुळे शेजारच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या. वेटरने बावरून वाइनचा पेला दादांच्या पुढून उचलला. दादा हसले. गेली कित्येक वर्षं ते असेच हसत आले होते... चूक आपलीच आहे आणि ती सांभाळून घेतल्याबद्दल आपण आभारी आहोत, असं ते हसू! समोर बसलेल्या धाकट्याने, त्यांच्या सख्ख्या भावाने, मेनूकार्ड डोळ्यांसमोर धरलं. आणि दादांच्या शेजारी बसलेल्या थोरलीच्या, त्यांच्या बायकोच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीने पेला उचलायला लावला तो मायेने, हीच तर खरी पंचाईत होती. टोमणा मारला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. पण आपल्या थोरल्या दिरांची बोटीवरची नोकरी दारूपायी गेली, बिचाऱ्यांना पुन्हा मोह व्हायला नको, अशा काळजीने ही भाबडी बाई लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत त्यांच्यापुढचे पेले उचलत आली होती. आणि दादांना तर खोकल्याच्या औषधाचा वाससुद्धा सोसत नसे!

खरं म्हणजे हे जेवण असं घाईघाईत व्हायचंच नव्हतं. धाकट्याचा स्वयंपाकघरं बनवून देण्याचा धंदा चांगला चालला होता. "दादा, वहिनी, तुम्हाला एकदा क्रूझवर न्यायचंच आहे मला," असं म्हणत त्याने चौघांची तिकिटं काढली होती. बोट सुटायच्या आधी या बंदराच्या शहरात दोन दिवसांचा मुक्काम होता, आणि केवळ त्या मुक्कामासाठी दादा यायला तयार झाले होते. पण मधल्या विमानतळावर विमान बिघडलं. खुर्च्यांवर बसून अंग आंबलं, कॉफी पिऊन तोंड कडू झालं, आणि अखेर चौघं या शहरात उतरली ती बोट सुटण्याच्या दिवशीच. हातात उरली जेमतेम एक दुपार!

"काही हरकत नाही! आहे त्या वेळाचं सोनं करायचं," धाकट्याने टॅक्सीत बसताच जाहीर केलं. टेकडीवर जाणारे टांगते पाळणे, काचेच्या वस्तूंचा बाजार, मग बंदरावर झकास जेवण आणि थेट बोट. दादा काचेला कपाळ टेकून बाहेर बघत होते. मागे वळून न बघताच ते म्हणाले,

"मला तेवढी जुनी गोदी बघायची होती रे."

"गोदीत काय ठेवलंय, दादा? गंज आणि माशांचा वास! वेळ कुठे आहे?"

"नाही, तसं काही नाही... राहू दे मग."

राहू दे! या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द थोरलीने इतक्यांदा ऐकले होते की आता ते कानावर पडले तरी तिला दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं. गोदी का बघायची आहे, हे तिला ठाऊक होतं. धाकट्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर तो पाळण्यांमागे लपत होता!

धाकटा ऐन पंचविशीत असताना त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईंनी आपली देऊ केली, पण डॉक्टरांनी त्यांचं वय आणि त्यांची साखर बघून मान हलवली. दादा तेव्हा बोटीच्या इंजिन रूममध्ये फिटर होते आणि रजेवर घरी आले होते. थोरली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दादा आले, चिमट्यांची टोपली तिच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "त्याला माझी जुळते. परवा ऑपरेशन आहे. ठरलंय माझं." तिच्या हातातल्या ओल्या चादरीचं पाणी पायांवर ठिबकत राहिलं... ठरलंय! कुणाला विचारून ठरलं, हे विचारायचं तिला त्या क्षणी सुचलंच नाही. तिकडे एक जीव विझत चालला होता. अशा वेळी तोंड उघडलं असतं तर ती कैदाशीण ठरली असती.

एका किडनीच्या माणसाला कंपनी बोटीवर घेणार नाही, ही भीती होतीच. मग सासूबाईच म्हणाल्या, "माझं नाव सांगा. म्हातारीला कोण तपासायला येतंय?" तेव्हापासून आईने दिली, असंच सगळ्यांना सांगण्यात आलं. दादांनी थोरलीला गळ्याची शपथ घातली. आणि ते पुन्हा समुद्रावर गेले.

पण पुढच्याच फेरीत, नेमक्या याच बंदरात, त्यांच्या पोटात दुखलं. कंपनीच्या डॉक्टरांनी यंत्र फिरवलं आणि सगळं उघडं पडलं. बोट त्यांना खाली उतरवून निघून गेली. आता लपवण्याचं कारण उरलं नव्हतं, पण लोकांनी धाकट्याला बोल लावू नयेत म्हणून दादांनी शपथ तशीच ठेवली. समुद्राचा माणूस एका वसाहतीच्या तळघरात पाण्याचे पंप सुरू-बंद करू लागला, आणि थोरलीने घर चालवायला इस्त्रीचं दुकान टाकलं. वाफेत तिचे केस अकाली पांढरे झाले. धाकट्याचं लग्न झालं, सासूबाई गेल्या. धाकटीने त्यांचा फोटो मोठा करून बैठकीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भरल्या डोळ्यांनी सांगे, "माझा संसार या माउलीने उभा केला!" आणि त्याच फोटोखाली बसून दादा ते ऐकत. शेजारच्या खोलीत थोरली मूग गिळून चहा गाळत असे.

ती वाट बघत होती. आज ना उद्या धाकटा स्वतः बोलेल... लग्न झाल्यावर बोलेल, आई गेल्यावर बोलेल, धंद्याचा जम बसल्यावर बोलेल. पण करून सवरून तो नामानिराळा!

"आणि ताई," धाकटी आता टेबलावर ओणवी होऊन तिला सांगत होती, "बोटीवर म्हणे दिवसभर बार उघडा असतो. आपण दोघींनी आळीपाळीने दादांवर लक्ष ठेवू या हं. अहो, जुनी सवय. कधी उसळी मारेल, काय सांगावं?"

थोरली उठून उभी राहिली. खुर्ची मागे आपटली.

"कसली सवय? कसली गं सवय?"

"अगं..." दादांनी तिचा हात धरला. "खाली बस."

"नाही बसत! बसून बसून माझी कंबर मोडली!" तिने हात हिसडून सोडवला. "भाऊजी, ते कार्ड खाली ठेवा. माझ्याकडे बघा. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "वहिनी, इथे नको... लोक बघताहेत."

"लोक बघताहेत? आत्ता यांच्यापुढून पेला उचलला, तेव्हा लोक आंधळे झाले होते का?"

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!" दादांचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला तिने क्वचितच ऐकला होता, आणि तोही आज तिच्यावरच!

"मोडली शपथ!" ती ओरडली, आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. ती दुःखाने रडत नव्हती, संतापाने रडत होती. "ऐक गं, तू ऐक! तुझ्या नवऱ्याच्या पोटात जी किडनी आहे ना, ती आईंची नाही. ती या माणसाची आहे, यांची! त्यापायी यांची बोट गेली. आयुष्यात यांनी कधी दारूचा थेंब चाखला नाही, आणि तू... तू यांच्यापुढचे पेले उचलतेस!"

धाकटीने आधी थोरलीकडे बघितलं, मग दादांकडे, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने मान वर केली नाही. तेवढ्याने तिला कळायचं ते कळलं.

"पण... पण तुम्हीच तर मला सांगितलं होतं!" ती नवऱ्याला म्हणाली. "लग्न ठरत होतं तेव्हा. बाबांनी विचारलं, मोठ्या भावाची बोटीवरची नोकरी का गेली, तर तुम्ही स्वतः म्हणालात, दारूमुळे काढलं म्हणून..."

दादा हळूहळू धाकट्याकडे वळले.

थोरलीलाही हे ठाऊक नव्हतं. कुणीतरी वावडी उठवली, चार जिभांनी ती वाढवली, असंच ती दोघं आजवर समजत आली होती. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, म्हणून दादांनी ते सोसलं होतं. आणि ते पहिलं तोंड घरातलंच निघालं! ज्याला पोटातला गोळा काढून दिला, त्याचंच! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर संन्याशाने वाचवलेल्यानेच सूळ रोवला होता.

"तू सांगितलंस?" दादांनी विचारलं.

धाकट्याची मान आणखी खाली गेली.

दादा उठले. ते सरळ दाराबाहेर पडले, आणि थोरली पर्स उचलून त्यांच्यामागे धावली.

ते झपझप चालत होते. बंदराच्या कडेने गोदामांच्या लांबच लांब भिंती, भिंतींमधून खडीचा रस्ता, रस्त्याच्या टोकाला तारेचं कुंपण. वाट त्यांनी एकदाही कुणाला विचारली नाही. कुंपणापाशी पोचल्यावर ते थांबले. पलीकडे जुनी गोदी होती. बोट एकही नव्हती. एक गंजलेली क्रेन, तेलकट पाणी आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यांवर बसलेले पांढरे पक्षी.

"तिथून उतरलो मी," ते बोट दाखवत म्हणाले. त्यांना दम लागला होता. "पाठीवर पिशवी. वर रेलिंगला सगळे मित्र उभे होते. मी त्यांना हात केला. वाईट वाटलं नाही गं. वाटलं, गेली बोट तर गेली, तिकडे पोरगा जिवंत आहे ना... त्या एका विचारावर मी आजवर जगलो. आणि त्याने मला दारुडा केलं!" त्यांनी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. पक्षी उडाले. "दारुडा! सांगायचं होतं, इंजिन फोडलं म्हणून, चोरी केली म्हणून... काहीही! नाही, काहीही नाही! सरळ खरं सांगायचं होतं!"

थोरली बघत राहिली. इतक्या वर्षांनी या माणसाला राग आला होता. तिला समाधान वाटायला हवं होतं, पण वाटेना. तिचा स्वतःचा राग आता वर येत होता, आणि तो धाकट्यावर नव्हता.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. त्याने तुमचं नाव खराब केलं, खरं आहे. पण तुम्ही माझं काय केलंत?"

"मी?"

"तुम्ही! दान करून मोकळे झालात. किडनी तुमची होती, पण संसार दोघांचा होता ना? ऑपरेशन परवा आणि मला आज सांगता, तेही चिमटे हातात घेऊन! विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं नसतं हो... मीच तुम्हाला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं! पण विचारायला हवं होतं. मग शपथ घातलीत, तीही न विचारता. तुम्ही देव झालात, आणि मी? मी इस्त्री फिरवत राहिले, दारुड्याची बायको म्हणून लोकांची कीव झेलत राहिले. तुमच्या त्यागाचं ओझं माझ्या डोक्यावर, आणि त्याबद्दल बोलायची मुभासुद्धा नाही! त्याने तुम्हाला मान दिला नाही म्हणून आज तुम्ही तार हलवताय. मी कोणती तार हलवू?"

दादांच्या हातून तार सुटली. ते तिच्याकडे बघत राहिले. तिचे पांढरे केस, वाफेने चिरलेली बोटं, रागाने लाल झालेला चेहरा, सगळं आजच दिसल्यासारखं.

"मला कधी... सुचलंच नाही," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, तुला विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही."

"शपथा पुरे झाल्या आता!"

"बरं," ते म्हणाले आणि कुंपणाच्या कट्ट्यावर मटकन बसले. "चुकलो मी तुझ्याशी. त्याच्याआधी मीच चुकलो."

ती त्यांच्याशेजारी बसली नाही. पण तिथून गेलीही नाही.

टॅक्सी खडी उडवत आली ती तेवढ्यात. धाकटी आधी उतरली, दार धाडकन लावून. मागे डिकीतून चौघांचं सामान डोकावत होतं. धाकटी सरळ दादांपुढे गेली आणि खाली वाकणार तोच दादांनी तिला अडवलं. मग ती ताठ उभी राहून नवऱ्याकडे वळली आणि कडाडली,

"आता बोला! वाटेत मला जे सांगितलंत ते यांच्यासमोर बोला! इतकी वर्षं माझ्या तोंडून यांचा अपमान करवलात. मी वेडी, माया करत होते आणि ती कट्यारीसारखी यांना लागत होती! स्वतः कार्डामागे लपलात आणि मला पुढे केलंत!"

धाकटा भावापासून चार हातांवर उभा होता. तोंडावरून घामाच्या की अश्रूंच्या धारा वाहत होत्या.

"दादा, मला... मला सहन होत नव्हतं रे," तो म्हणाला. "मी आरशात बघायचो तेव्हा मला तूच दिसायचास. मी श्वास घेतला तर तुझा, हसलो तर तुझं. आईची किडनी असती तर ठीक होतं, आईचं ऋण कुणी मोजत नाही. पण तू बोट सोडून घरी आलास, रोज समोर दिसायला लागलास... मुलीच्या वडिलांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नंतर मला बरंही वाटलं. तू दारुडा असलास की मी तुला सांभाळणारा भाऊ होतो! नाहीतर मी कोण होतो, दादा? तुझ्या जिवावर जगणारा!" त्याने छातीवर हात मारून घेतला. "मी नीच आहे. माहीत आहे मला. ती बोट जाऊ दे. आपण परत जाऊ. घरी जाऊन मी एकेका माणसाला सांगतो. तू म्हणशील ते..."

दादा उठले. त्यांचा हात वर गेला. धाकट्याने डोळे मिटले, पण गाल मागे घेतला नाही. हात हवेत तसाच राहिला, मुठीत वळला आणि धाकट्याच्या खांद्यावर येऊन जोरात आदळला.

"परत जाऊ म्हणे! गाढवा, मला दुसऱ्यांदा बोटीवरून उतरवतोस का?"

धाकट्याने डोळे उघडले. त्याच्या तोंडातून हुंदका फुटला आणि तो लहान पोरासारखा दादांच्या गळ्यात पडला. दादांनी त्याला मिठी मारली नाही, पण दूरही ढकललं नाही. ते फक्त म्हणत राहिले, "गाढव... गाढव कुठला! भूत मानगुटीवर बसावं तसा बसलो होतो का रे मी तुझ्या? मी तर विसरूनही गेलो होतो, ती तुझ्यात आहे म्हणून!"

धाकटी थोरलीपाशी आली. तिचा रागही ओसरला नव्हता.

"तुम्ही तरी मला सांगायचं होतं, ताई! मी काय परकी होते? तुमच्या डोळ्यांदेखत मी पेले उचलत होते आणि तुम्ही चहा गाळत बसलात!"

थोरली उसळून काही बोलणार होती. पण धाकटीच्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. हिलाही कुणी विचारलं नव्हतं. दोघा भावांच्या दोन बायका, आणि दोघींना त्या दोघांच्या गोष्टीत नुसतं उभं केलं होतं...

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "फार आधी सांगायला हवं होतं गं. चल, डोळे पूस. काजळ पसरलंय, भूत दिसतेयस नुसती."

धाकटी रडतारडता हसली, आणि मग दोघीही एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या रडल्या की टॅक्सीवाल्याने कंटाळून हॉर्न वाजवला. बोटीची वेळ होत आली होती!

बंदरावर प्रवाशांची शेवटची रांग आत सरकत होती. पांढरी बोट एखाद्या इमारतीसारखी उभी होती. तिच्या पोटातून इंजिनाची घरघर ऐकू येत होती, आणि ती ऐकताच दादांची मान आपोआप तिकडे वळली. धाकटा रांगेत पुढे उभा होता. पुढच्या अनोळखी म्हाताऱ्या जोडप्याने सहज विचारलं, "सगळे एकाच घरचे का?" तेव्हा तो खड्या आवाजात म्हणाला, "हो. हा माझा मोठा भाऊ. याने मला किडनी दिली आणि त्यापायी स्वतःची बोट गमावली." दादा लाजून पुटपुटले, "अरे, त्यांना काय करायचंय!" पण धाकटीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "सांगू द्या. अजून पुष्कळांना सांगायचंय त्यांनी."

धाकटा-धाकटी शिडी चढून वर गेली. दादा शिडीच्या पायथ्याशी थांबले. त्यांनी आपली आणि थोरलीची पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"चला ना," ती म्हणाली. "थांबलात का?"

"तिकिटं काढली तेव्हा त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो. तुला कुणी विचारलं नाही." ते म्हणाले. "आज विचारतो. यायचंय तुला? नसेल यायचं तर इथूनच मागे फिरू. मला वाईट वाटणार नाही."

मागची माणसं चुळबुळायला लागली. गणवेशातल्या मुलीने हात पुढे करून "लवकर" अशी खूण केली. आतून इंजिनाची घरघर वाढत होती, आणि दादा तिकडे न बघता तिच्याकडे बघत होते. खोटं बोलत होते ते, वाईट तर त्यांना वाटणारच होतं! जन्मभर ज्याच्यासाठी आतल्या आत झुरले ते हाकेच्या अंतरावर होतं. पण ती नाही म्हणाली असती तर त्यांनी पिशव्या उचलून खरोखरच पाठ फिरवली असती. हे तिला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

राग तिचा गेला नव्हता. एवढ्या वर्षांचा राग एका दुपारी कसा जाणार? तिने त्यांना थोडं थांबू दिलं... मुद्दामच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या उत्तरासाठी कुणीतरी थांबलं होतं. ते क्षण तिने घोट घोट घेतले.

"येते," ती म्हणाली. "पण मी अजून रागावलेली आहे. बोटीवरही रागावणार आहे."

"रागाव," दादा म्हणाले. "मी ऐकतो."

तिने पर्स खांद्यावर घेतली आणि त्यांच्याआधी शिडीवर पाऊल ठेवलं.